दसऱ्याची नवी गाडी आणि आप्पांचे मनगट



दसरा-पाडव्याला नवी दुचाकी आली नाही, असे गाव आपल्या कार्यक्षेत्रात आता सापडायचे नाही. पूर्वी असे नव्हते. 1972 साली बजाजची ‘चेतक’ निघाली, तेव्हा पैसे भरूनही नंबर लागायला वर्षेच्या वर्षे जात. आपल्या वडीलधाऱ्या सभासदांचे हात त्याच गाडीवर तयार झाले. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. सुरू होईना झाली की जरा तिरकी करायची आणि पुन्हा किक मारायची. न्यूट्रलमध्ये असली की मूठ कितीही पिळा, गाडी नुसती ओरडायची. जागची हलायची नाही.

पुढे 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची गाडी लोकांनी पाहिली. आता तर विजेच्या गाड्या आल्या. 2020 पासून ‘चेतक’ नावाचीही विजेची गाडी मिळते. नाव जुने, पण क्लच नाही, गिअर नाही, पायाखाली ब्रेक नाही आणि आवाज तर नाहीच.

आमच्या गटातील एका सभासदांच्या घरी गेल्या वर्षीच्या दसऱ्याला अशीच एक विजेची गाडी आली. कंपनी कुठली ते सोडा. सभासदांना आपण आप्पा म्हणू. वय साठीच्या घरात, तीस वर्षे चेतक चालवलेला माणूस. गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, दोन्ही चाकांखाली लिंबू ठेवले. वहिनी ताट घेऊन समोर. पोरगा म्हणाला, “आप्पा, तुम्हीच पहिलं बसा.” आप्पा बसले. आवाज नाही म्हणजे गाडी बंदच आहे, असे धरून त्यांनी सवयीने मूठ पिळली. लिंबू चिरडले. वहिनी ताटासकट बाजूला झाल्या म्हणून बरे. आप्पांनी उजवा पाय दाबला, तर खाली नुसती सपाट फळी! चार-पाच पावलांवर उकिरडा होता, तिथे गाडी आडवी झाली. वेग म्हणाल तर माणसाच्या चालीएवढा. भावकी पोट धरून हसली, आणि आप्पाही हसले.

यात आप्पांना अडाणी ठरवायचे कारण नाही. घाबरलेला माणूस मूठ सोडत नाही, आवळतो. गाडी पुढे उसळली की अंग मागे जाते आणि त्या ओढीने मूठ आणखी पिळली जाते. शिवाय विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पुरा जोर लावते. पेट्रोलच्या बिनगिअरच्या गाडीचे इंजिन चालू ठेवून ती हाताने ढकलतानाही हेच होते. उतरण्याआधी चावी बंद करावी, एवढाच त्याला उपाय.

दुचाकी हळू असताना जास्त डगमगते, हे सायकलवाल्यालाही ठाऊक आहे. वेगात चाके तिला सावरून धरतात; हळू चालवताना ते काम हँडलला आणि पायांना करावे लागते. हँडल वळवलेले असताना पुढचा ब्रेक आवळला की शंभर किलोची गाडी आडवी होते आणि मग पाय टेकूनही आवरत नाही. गळितात फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो, त्यावर पाचट पसरते. तिथे वळणाआधीच वेग कमी करावा आणि ब्रेक सरळ हँडलवर लावावा. आणि वाड्याचा भारा पायाशी ठेवून येणाऱ्या मंडळींनी पाय टेकायला जागा कुठे उरली, ते बघावे.

पण आम्ही हे लिहितो आहोत ते निराळ्याच कारणासाठी. पंधरा-वीस दिवसांनी आप्पा पूर्वहंगामी लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसला आले. सहीला पेन धरवेना. विचारले, तर म्हणाले, “काय न्हाई साहेब, जरा मुरगाळलंय. तेल लावतोय.” लोक पुन्हा हसतील म्हणून दवाखान्यात गेलेच नव्हते. आम्ही त्यांना त्याच दिवशी पाठवले. मनगटाचे हाड मोडले होते.

पडताना माणूस तळहात टेकतो. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात एक लहान हाड असते, ते अशा वेळी मोडते. वरून फारसे दिसत नाही, सूजही थोडीच येते. पहिल्या एक्स-रेमध्येसुद्धा ते कधी कधी सापडत नाही. दुखणे राहिले तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश जुळते आणि दुर्लक्ष केले तर जुळतच नाही. मग कोयता, खुरपे, धार काढणे, सगळ्यालाच मूठ अधू. तळहात टेकून पडलात आणि अंगठ्यामागच्या खळगीत दाबल्यावर दुखले, तर तेल चोळत बसू नका. डोक्याला मार असेल आणि उलटी किंवा गुंगी आली, तर तासाभराचाही उशीर नको. उकिरड्यावर पडलो हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटत असेल, तर नुसते पडलो म्हणा!

आप्पांचा हात अडीच महिने प्लास्टरमध्ये होता. लागण पोरानेच केली. आता मूठ बरीच आली आहे, पण कोयता अजून पुरता धरवत नाही. गाडी मात्र वहिनी चालवतात. हायस्कूलच्या मैदानावर आठ दिवसांत शिकल्या. चेतक त्यांनी कधी चालवलीच नव्हती, त्यामुळे पायाला ब्रेक शोधायची सवय नव्हती.