हातचक्राच्या जागीं मोटर

मिलिंग यंत्र, म्हणजे फिरत्या धारेनें धातु कापणारें यंत्र, आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. त्याच्या मेजावर लोखंडाचा अथवा ॲल्युमिनियमचा तुकडा घट्ट आवळून बसवितात, वर कातणारी धार फिरत असते, आणि कारागीर हातचक्रें फिरवून मेज उजवीडावीकडे व मागेंपुढें सरकवितो आणि धार वरखालीं नेतो. मेज हालविणाऱ्या प्रत्येक हातचक्राच्या मागें एक मळसूत्र असतें. चक्राचा एक फेरा झाला कीं मेज ठराविक अंतर सरकतें, अधिक नाहीं कीं उणें नाहीं. हीं हातचक्रें काढून त्यांच्या जागीं मोटरा बसवावयाच्या, आणि कोणत्या मोटरीनें केव्हां किती फिरावें हें संगणकानें सांगावयाचें, एवढीच 'सीएनसी' ह्या तीन अक्षरांची हकीकत आहे.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत जॉन पार्सन्स ह्या नांवाचे गृहस्थ हेलिकॉप्टरचीं पातीं बनविण्याच्या धंद्यांत होते. पात्याचा बांक हातानें बिनचूक उतरविणें किती कठीण, ह्याच्या अनुभवांतून त्यांना आंकड्यांनीं यंत्र चालविण्याची युक्ति सुचली. तिला मूर्त रूप एम्. आय्. टी. ह्या प्रसिद्ध संस्थेच्या प्रयोगशाळेंत मिळालें व इ. स. १९५२ सालीं तेथें तीन दिशांनीं आपोआप चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. त्याला हुकूम मिळत ते भोकें पाडलेल्या फितीवरून, आणि त्याचा मेंदू निर्वात नळ्यांचा होता. आज तें काम तळहातावर मावणारी पाटी करते. त्यामुळेंच घरच्या लहान यंत्राला मोटरा लावण्याचा उद्योग शाळेंतल्या मुलामुलींच्या आटोक्यांत आला आहे, आणि त्यामुळेंच त्यांच्या वडिलांच्या खिशाला चाट बसण्याचा संभवही उत्पन्न झाला आहे.

हा पैसा बहुधा एकाच रीतीनें वाया जातो. आधीं दुकानांतील सर्वांत मोठी मोटर आणतात. मग ती चालविणारा ड्रायव्हर शोधतात. मग त्या दोघांना पुरेल अशी वीज कोठून आणावी म्हणून विचारांत पडतात. आणि अगदीं शेवटीं मळसूत्राकडे पाहतात. आमच्या मतें हा क्रम मुळापासून उलटा आहे. विचार मळसूत्रापासून आरंभावा व मोटरीपर्यंत यावा.

साध्या मळसूत्राच्या व त्याच्या नटाच्या आट्यांमध्यें थोडी मोकळीक असते. हातानें काम करणारा कारागीर ती ओळखून एकाच बाजूनें मेज आणतो. मोटरीला ती ओळख नसते. दिशा बदलली कीं आधीं ती मोकळीक भरून निघते आणि मगच मेज हालतें, व तेवढ्यानें वर्तुळ काढावें तों तें चार ठिकाणीं चेपलेलें निघतें. म्हणून रूपांतर करणारे लोक बॉलस्क्रू घालतात. त्यांत आट्यांमधून पोलादी गोळ्या घरंगळत असतात. मोकळीक जवळजवळ नाहींशी होते आणि घर्षणही पुष्कळ घटतें. हा दुसरा लाभ किती मोठा आहे तें हिशेबानेंच पाहावें. एका फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकणारें मळसूत्र घ्या, व त्याच्या दांड्याला मोटरीनें १ न्यूटन-मीटर पीळ दिला असें समजा. (पीळ म्हणजे दांडा फिरविण्याचा जोर, कारखान्यांत ह्यालाच टॉर्क म्हणतात.) घर्षण मुळींच नसतें तर मेजावर सुमारें १२५७ न्यूटन जोर आला असता. बॉलस्क्रूमध्यें त्यांतले शेंकडा ९० पदरांत पडतात, म्हणजे सुमारें ११३० न्यूटन, किंवा ११५ किलो वजनाइतका रेटा. साध्या मळसूत्रांत शेंकडा ३० धरले तर ३८ किलोंच्या आसपासच उरतो. घरच्या लहान यंत्रावर ॲल्युमिनियमचा हलका काप घेण्यास ११५ किलोंचा रेटा मुळींच लागत नाहीं. तेव्हां मळसूत्र चांगलें असेल तर मोटर लहान चालते, आणि मोटर लहान असली कीं तिच्या मागचा सगळा सरंजाम लहान होतो.

आतां मोटर. घरगुती कामांत बहुतेक सर्वत्र दिसते ती स्टेपर मोटर. साधी मोटर वीज मिळतांच गरगर फिरूं लागते. स्टेपर मोटर मोजून पावलें टाकते. तिच्या आंत दांत्यांचें चुंबकीय चाक असतें व भोंवतीं तारेचीं वेटोळीं असतात. वेटोळ्यांतून प्रवाह ठराविक क्रमानें फिरविला कीं चाक एकेक पाऊल पुढें सरकतें. नेहमींच्या मोटरींत एका फेऱ्याचीं २०० पावलें असतात, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचें. आपल्या ५ मिलिमीटरच्या मळसूत्रावर तें मेजाला एक मिलिमीटरचा चाळिसावा भाग सरकवितें. दुकानांत ह्या मोटरा 'नेमा १७', 'नेमा २३', 'नेमा ३४' ह्या नांवांनीं मागाव्या लागतात. पुष्कळांस तो जोराचा आंकडा वाटतो. तो जोराचा नव्हे. मोटरीच्या चौकोनी तोंडाचें माप आहे. नेमा २३ म्हणजे तोंड २.३ इंचांचें, इतकेंच.

मोटरीबरोबरच्या कागदावर जो जोर छापतात तो मोटर उभी असतांना धरून ठेवण्याचा जोर होय. मोटर धांवूं लागली कीं तो झपाट्यानें घटतो, आणि तो कां घटतो हें ज्याला समजलें त्याला निवड करतां आली असें आम्ही म्हणूं. वेटोळ्यांत प्रवाह एकदम भरत नाहीं; ज्याला इंडक्टन्स म्हणतात तो गुण त्याला आडवा येतो. मोटरीचा इंडक्टन्स ३ मिलिहेन्री व प्रवाह ४ अँपिअर आहे असें धरा. तिला २४ व्होल्टचा दाब दिला तर प्रवाह दर मिलिसेकंदास ८ अँपिअर ह्या गतीनें चढूं लागतो. म्हणजे ४ अँपिअर होण्यास अर्धा मिलिसेकंद पाहिजे. आतां मोटर मिनिटास ६०० फेरे करीत आहे असें पाहा. सेकंदास १० फेरे, २००० पावलें. एका पावलाला वेळ मिळतो तो नेमका अर्धा मिलिसेकंद! प्रवाह भरतो न भरतो तोंच दुसऱ्या पावलाची वेळ येऊन ठेपते. दाब दुप्पट केला तर हाच प्रवाह निम्म्या वेळांत भरतो आणि उरलेला निम्मा वेळ मोटर पूर्ण जोरानें ओढते. (तारेचा रोध व फिरत्या मोटरीचा उलटा दाब हे आम्हीं हिशेबांत धरलेले नाहींत, ते धरले तर गोष्ट आणखी बिघडते, सुधारत नाहीं.)

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. मोटर निवडतांना धरून ठेवण्याच्या जोराआधीं इंडक्टन्स पाहावा, व दोन मोटरींत ज्याचा इंडक्टन्स कमी ती घ्यावी. मोठ्या इंडक्टन्सची थोराड नेमा ३४ तुटपुंज्या दाबावर चालविली तर लहान नेमा २३ तिच्यापुढें निघून जाते. दुसरी गोष्ट अशी कीं दाब भरपूर असावा. तो किती असावा ह्याचा एक आडाखा ह्या कामांतले लोक वापरतात: मिलिहेन्रींच्या आंकड्याचें वर्गमूळ घेऊन त्याला ३२ नीं गुणावें. ३ मिलिहेन्रीला सुमारें ५५ व्होल्ट होतात. ही वरची मर्यादा समजावी. ह्यापुढें मोटर तापण्याखेरीज कांहीं साधत नाहीं. प्रवाह मर्यादेंत ठेवण्याचें काम ड्रायव्हर करतो, म्हणून जास्त दाबानें मोटर जळेल ही भीति बाळगूं नये. भीति बाळगावी ती ड्रायव्हरची.

ड्रायव्हरवर ५० व्होल्ट लिहिलें असेल तर त्याला ५० देऊं नये. वेगांत असलेली मोटर थांबतांना स्वतःच वीज उत्पन्न करून उलट पाठविते व दाब क्षणभर चढतो. शिवाय आपल्याकडची घरची वीज २३० व्होल्टची म्हणतात खरी, पण रात्रीं ती २५० ला गेलेली आपण पाहतोंच. २८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यापुढें रेक्टिफायर व मोठा कपॅसिटर जोडला, तर सुमारें ३८ व्होल्ट मिळतात. वीज २५० झाली कीं तेच ४१-४२ होतात. अशा ड्रायव्हरला एवढें ठीक. प्रवाहाचा अंदाज असा कीं तिन्ही मोटरींच्या बेरजेचा दोन-तृतीयांश पुरतो; ४ अँपिअरच्या तीन मोटरांना ८ अँपिअर. आणि एक पथ्य कटाक्षानें पाळावें: वीज चालू असतां मोटरीची तार ड्रायव्हरपासून कधींही उपटूं नये. तेवढ्यानें ड्रायव्हर जागच्या जागीं निकामी होतो, आणि वडिलांकडे दुसऱ्याचे पैसे मागावे लागतात.

हे ड्रायव्हर एका पावलाचे आणखी बारीक भाग पाडतात. दहा भाग पाडले तर फेऱ्यास २००० ठोके, आणि कागदावर एका ठोक्याला मेज मिलिमीटरच्या चारशेंव्या भागानें सरकतें. जाहिराती वाचून मुलांस वाटतें कीं यंत्राची अचूकताही दहापट झाली. तसें होत नाहीं. दहाव्या भागाएवढें पाऊल टाकतांना मोटरीचा जोर तिच्या पूर्ण जोराच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकाच असतो. मेजाचें घर्षण त्याहून अधिक असेल तर पहिल्या ठोक्याला मेज हालणारच नाहीं, दुसऱ्याला हालेल. बारीक पावलांचा खरा उपयोग मोटर गुळगुळीत व कमी थरथरत चालावी एवढाच.

सर्वो मोटरीचा प्रकार निराळा. तिच्या दांड्यावर एन्कोडर नांवाचा एक डोळा असतो. दांडा खरोखर किती फिरला तें तो सांगतो आणि चूक झाली तर ड्रायव्हर ती भरून काढतो. स्टेपर मोटर अडली तर पावलें चुकतात व संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. कारखान्यांत म्हणूनच सर्वो वापरतात. परंतु तिची किंमत अधिक, आणि तिला वळण लावणें हें निराळेंच शास्त्र आहे. पहिल्या यंत्राला स्टेपरच बरी, असें आमचें मत आहे. अलीकडे एन्कोडर लावलेली स्टेपरही मिळते. ती घेणाऱ्यानें तिची धोक्याची तार यंत्र थांबविणाऱ्या जोडणींत अवश्य गुंफावी. नाहींतर डोळा आहे पण ओरडावयास तोंड नाहीं, अशी गत होते.

राहिला मेंदू. त्यानें ठोके ठेक्यांत दिले पाहिजेत. तबलजीचा हात एकदां अडखळला तर गाणें बिघडतें, पण येथें मोटर अडते आणि तुकडा वाया जातो. मेज मिनिटास ३ मीटर पळवावयाचें असेल तर वरच्या हिशेबानें सेकंदास २०,००० ठोके लागतात. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड ह्यांनीं २००९ सालीं सुरू केलेली 'जीआरबीएल' ही मोफत प्रणाली लहानशा आर्डुइनो उनो पाटीवर सेकंदास ३०,००० पर्यंत ठोके देते. म्हणजे तिनें हें काम भागतें. पण हौसेनें पावलाचे बत्तीस भाग पाडले तर ६४,००० ठोके लागतील आणि तीच पाटी अपुरी पडेल. मोटर, ड्रायव्हर व मेंदू हे तिघे निरनिराळे विकत घेण्याचे जिन्नस नव्हेत, तें ह्यासाठीं. पूर्वीं संगणकाच्या पंचवीस टांच्यांच्या समांतर पोर्टावरून थेट ठोके देत असत. 'मॅक ३' ही प्रणाली तशी प्रसिद्ध झाली. नव्या ६४ बिटी विंडोजवर तो मार्ग बंद आहे, म्हणून जुना संगणक फुकट मिळाला एवढ्यावरून त्या वाटेला जाऊं नये. ज्याला पुढें वाढावयाचें आहे त्यानें 'लिनक्ससीएनसी' घ्यावी. तिचें मूळ अमेरिकेच्या निस्ट ह्या सरकारी संस्थेंत आहे, ती मोफत मिळते, व ठोके देण्याचें काम निराळ्या पाटीवर सोंपवून संगणक मोकळा ठेवतां येतो.

पालकांनीं स्वतः पाहावें असें एवढेंच कीं, यंत्र बंद करणारें लाल बटण संगणकाला 'थांब' म्हणून सांगणारें नसावें. मोटरांची व धारेची वीज तोडणारें असावें. संगणक गोठला असेल तर तो कोणाचें ऐकणार? मेजाच्या टोकांना जे स्विच बसवितात ते नेहमीं जोडलेले व दाबल्यावर सुटणारे घ्यावे, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबतें. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी व यंत्राच्या लोखंडाला अर्थिंग द्यावें. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्यें कांहीं वेळ ती सांठलेली असते. चीनच्या सीग कारखान्याचें एक्स-२ हें लहान मिल घरगुती रूपांतरासाठीं पुष्कळ वापरतात. त्याचा माथा मुळांत दंतपट्टीवर वरखालीं होतो व तेथेंही बॉलस्क्रू घालावा लागतो. ज्या गुणानें बॉलस्क्रू हलका फिरतो त्याच गुणानें तो उलटाही फिरतो; वीज जातांच धारेसकट जड माथा खालीं घसरतो. त्याखालीं मुलाचा हात असूं शकतो. त्या मोटरीला ब्रेक किंवा माथ्याला तोलणारी गॅस स्प्रिंग लावल्याशिवाय यंत्र चालूं करूं देऊं नये.

पहिली परीक्षा मळसूत्राला मोटर न जोडतांच घ्यावी. मोटरीच्या दांड्याला कागदाची एक पट्टी चिकटवावी, टेबलावर पेन्सिलीनें तिच्या टोंकासमोर खूण करावी, आणि संगणकाला सांगावें कीं वेगानें पन्नास फेरे पुढें व पन्नास मागें, असें शंभर वेळां कर. पट्टी खुणेवर परत आली तर मोटर यंत्राला जोडावी. थोडी जरी बाजूला राहिली, तर वेग उतरवून पुन्हां पाहावें, आणि तरीही राहिली तर तारा, दाब व ठोके ह्या क्रमानें शोध घ्यावा.