गोळी सोडण्याचा निर्णय

मी डॉक्टर नव्हे. कामगार चळवळीत वावरलेला, वाचून शिकलेला माणूस. आमच्या एका कामगार भगिनीने ‘आता बरे वाटते’ म्हणून थायरॉईडची गोळी परस्पर सोडली. काही आठवडे ठीक गेले. पुढे अंग जड झाले, थंडी सोसेना, कामावर उभे राहवेना. तेव्हा मी हा विषय समजून घेतला.

१९१२ साली हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेल्या या विकारात शरीराची संरक्षणशक्तीच गळ्यातील ग्रंथीवर उलटते. ग्रंथी दुबळी होते. तिचे काम गोळी करते. म्हणून बरे वाटणे हा बहुधा गोळी काम करीत असल्याचा पुरावा असतो, ग्रंथी बरी झाल्याचा नव्हे. शिवाय रक्तातील हे औषध निम्मे होण्यासच सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे सुरुवातीचे दिवस फसवे.

मग गोळी कधीच सुटत नाही काय? काहींची सुटते, विशेषतः दोष सौम्य असताना सुरू केलेली. पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, ६ ते ८ आठवड्यांनी रक्त तपासून. गरोदरपणी हा प्रयोग नकोच.

संप रागाच्या भरात पुकारू नये. आधी हिशेब मांडावा. गोळीचेही तसेच आहे.