मुरगाव बंदरातली तटस्थता

गैरसमज: दुसरं महायुद्ध युरोपातलं होतं. पोशीर-नेरळच्या माणसांचा त्याच्याशी काय संबंध?

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. लोकांनी निवडून दिलेल्या एकाही मंत्रिमंडळाला त्यांनी विचारलं नाही. निषेध म्हणून मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी त्याच वर्षी राजीनामे दिले, पण युद्ध पोशीर-नेरळच्या कर्जत तालुक्यात आलंच. ते आलं बोरघाटातल्या रेल्वेमुळे आणि भिवपुरी-खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईला जाणाऱ्या तारांमुळे. मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या तेव्हा युद्धाच्या कामाला जुंपल्या होत्या. म्हणूनच १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडायला घेतले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पुढच्याच वर्षी, १० जुलै १९४४ रोजी, कर्जतच्याच जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे इटलीत ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातून लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धात जायचं की नाही, हे या जिल्ह्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि तरीही त्याची माणसं दोन्हीकडे मेली.

गैरसमज: पहिलं महायुद्ध एका गोळीने पेटलं.

साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली २८ जून १९१४ रोजी. ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. मधल्या महिन्यात बर्लिनने व्हिएन्नाला हवं ते करायची मोकळीक दिली. मग रशियाने फौजा जमवायला सुरुवात केली. आधी झपाट्याने फ्रान्सला हरवायचं आणि मग रशियाकडे वळायचं, अशी जर्मन सेनापतींची योजना होती. सैनिकांच्या आगगाड्यांची वेळापत्रकंही तयार होती. रशिया सज्ज होईपर्यंत थांबलं तर ती योजनाच कोलमडणार होती. थांबणं शक्य असलेली माणसं प्रत्येक टप्प्यावर होती आणि ती थांबली नाहीत. म्हणून सगळा दोष त्या गोळीवर टाकणं मला पटत नाही.

गैरसमज: तटस्थ राहतो म्हटलं की देश वाचतो.

बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन तहाने दिली होती. त्यावर पुढे जर्मनीचा गाभा ठरलेल्या प्रशियाचीही सही होती. पण फ्रान्सची जर्मनीलगतची सीमा किल्ल्यांनी बंद होती आणि मोकळी वाट बेल्जियममधून जात होती. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन फौजा त्या वाटेने आत शिरल्या आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरलं. तटस्थ अमेरिकाही शेवटी युद्धात ओढली गेली, पण जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवल्यावर लगेच नाही. ते जहाज मे १९१५ मध्ये बुडालं. अमेरिकेने युद्ध पुकारलं एप्रिल १९१७ मध्ये, जर्मन पाणबुड्यांनी पुन्हा सरसकट जहाजं बुडवायला सुरुवात केल्यावर.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही. १९३९ पासून एरनफेल्स, द्राखनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन व्यापारी जहाजं मुरगाव बंदरात आसऱ्याला होती, आणि पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही तिथेच होतं. एरनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना खबरा जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. पण पोर्तुगाल १३७३ च्या तहापासूनचा मित्र, आणि अटलांटिकमधल्या त्याच्या अझोर्स बेटांवर ब्रिटनला तळ हवा होता. त्यामुळे उघड लष्करी हल्ला करणं शक्य नव्हतं. म्हणून ‘कलकत्ता लाइट हॉर्स’मधले नोकरी-व्यापार करणारे, बहुतेक मध्यमवयीन स्वयंसेवक निवडले गेले. मार्च १९४३ मध्ये, म्हणजे सिद्धगडाच्या घटनेला दोन-सव्वादोन महिने झाले असताना, ‘फीबी’ नावाच्या गाळवाहू बोटीतून ते रात्री मुरगावात शिरले आणि एरनफेल्सवर चढले. तिच्या कप्तानासह काही खलाशी मारले गेले. खलाशांनीच जहाज बुडवलं, आणि उरलेल्या तीन जहाजांनाही त्यांच्या खलाशांनी आगी लावल्या. ही मोहीम सर्वसामान्यांना कळली ती १९७८ साली, जेम्स लीसर यांच्या पुस्तकातून.

पोर्तुगालच्याच तिमोरचे हाल याहून वाईट झाले. जपान तिथे येईल या भीतीने डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक पोर्तुगीजांची संमती नसताना तिथली राजधानी दिली इथे उतरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी फौजा आल्याच आणि लढाई तिमोरच्या गावांतून झाली.

गोव्यावर ही वेळ आली नाही. तिथलं बंदर उघडं राहण्यात दोन्ही बाजूंचा फायदा होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपानचं ‘तेइआ मारू’ आणि स्वीडनचं ‘ग्रिप्सहोम’ ही जहाजं त्याच मुरगावात एकाच वेळी उभी होती. पूर्व आशियात अडकलेले अमेरिकी आणि त्यांच्या मित्रदेशांचे नागरिक एका जहाजातून उतरले, अमेरिकेतून आलेले जपानी दुसऱ्यातून. प्रत्येक बाजूची सुमारे दीड हजार माणसं होती. जहाजं बदलून ती आपापल्या देशांकडे रवाना झाली.