एका भिंतीपाशी बसलेली माणसे

वारली घरात लग्न ठरले की भिंत तयार करावी लागते. कारवीच्या काठ्यांचा कूड शेणमातीने लिंपायचा, तो वाळला की त्यावर गेरू फिरवायचा. तांदूळ भिजवून वाटायचे आणि त्या पिठात पाणी नि थोडा डिंक घालून पांढरा रंग करायचा. कुंचला विकत आणायचा प्रश्नच येत नाही. बांबूची बारीक काडी घ्यायची आणि तिचे टोक दातांनी चावून मऊ करायचे, म्हणजे तंतू सुटे होऊन रंग धरतात. एवढे झाले की सुवासिनी भिंतीपाशी बसतात आणि लग्नचौक काढायला सुरुवात होते. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत ही रीत आहे. चौकोनाच्या मधोमध पालघट देवी येते. तीच झाडापेडांची, पिकाची आणि वंशाच्या वाढीची देवी. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग, झाडे आणि नाचणारी माणसे. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. चौकाच्या कडेच्या पट्ट्या फार चिकाटीच्या असतात. एकसारखे त्रिकोण आणि रेघा ओळीने भरत जायचे. एकटीने करायचे म्हटले तर हात भरून येतो. म्हणून एक बाई वरची कड धरते, दुसरी खालची, तिसरी पिठाची वाटी पुढे करते. गाणी चालू असतात. लग्न लावण्याचा मानही बाईकडेच आहे. धवलेरी गाण्यांतून विधी पुढे नेते आणि तिच्या गाण्यांत देवांच्या, शेतीच्या, माणसांच्या कथा येतात.

माणूस स्वतःला ओळखतो कसा आणि दुसऱ्याशी जोडला जातो कसा, याचे उत्तर शोधायला पालघर-बोईसरच्या परिसराला लांब जावे लागत नाही. ते या भिंतीपाशी आहे. कुणाला समोर बसवून ‘मन मोकळे कर’ म्हटले, की तो अवघडतो. तीच माणसे हातात काम घेऊन शेजारी-शेजारी बसली, की बोलणे आपसूक सुरू होते. नजर भिंतीकडे असते, म्हणून समोरच्याच्या चेहऱ्याचा धाक राहत नाही. मध्येच कुणी गप्प झाली तरी ते खटकत नाही, कारण हात चालूच असतो. सासरची गोष्ट निघते, आजारपण निघते, गेलेल्या माणसाची आठवण निघते. आपल्या मनात काय होते, हे बोलणारीला स्वतःलाही बोलता-बोलताच कळते.

मराठी मुलखाला हे अनोळखी नाही. जात्यावर समोरासमोर दोघी बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात असायचे आणि ओवी एकीच्या तोंडून निघून दुसरीच्या तोंडात पुरी व्हायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत कितीतरी ओव्या सखीला, शेजारणीला, आईला उद्देशून आहेत. ज्या बाईला घरात तोंड उघडायची सोय नव्हती, तिने पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत आपले सगळे आयुष्य सांगून टाकले. आत्मचरित्र हा शब्द तिने ऐकला नसेल, पण ते तिने रचले आणि ऐकणारी सोबत बसली होती म्हणून ते रचले गेले.

पुरुष आणि बायका एकत्र येऊन करतात तो संवाद तारप्याचा. पीक हाती आल्यावरच्या दिवसांत तारपकरी वाळलेल्या दुधी भोपळ्याचे आणि बांबूच्या नळ्यांचे ते लांब वाद्य फुंकतो. हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती गोल फिरते, उलगडते, पुन्हा वळते. सूर बदलला की साखळीच्या टोकाचा नाचणारा दिशा बदलतो आणि त्याच्यामागे सगळे. तारपकऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. वारली चित्रांत वारंवार येणारा वेटोळ्यासारखा नाच तो हाच.

या सगळ्यात जिव्या सोमा म्हसे यांचे आयुष्य वेगळे उठून दिसते. त्यांचा जन्म 1934 चा. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले. हवे-नको ते मातीत, धुळीत बोटाने चित्र काढून सांगायचे, हीच त्याची भाषा झाली. पुढे बोलणे परत आले, पण चित्र सुटले नाही. लग्नाकार्याला बायकांनी चौक काढायचा हा रिवाज होता. जिव्या मात्र लग्न असो-नसो, चित्र काढत राहिले. ते पुरुष होते आणि रोज काढत होते. त्या काळच्या पाड्यावर या दोन्ही गोष्टी नव्या होत्या.

या मुलाला सापडलेली वाट नीट पाहण्यासारखी आहे. वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. एक टोक खाली केलेला, एक टोक वर केलेला, आणि दोन्ही टोके कमरेत भेटतात. वर डोक्याचा गोल, हातापायांच्या रेघा. बाई असेल तर डोक्यामागे अंबाड्याचा ठिपका. चेहऱ्यावर नाक-डोळे नसतात, त्यामुळे हसू किंवा रडू दाखवता येत नाही. भाव दाखवायचा तो शरीराच्या कलण्यातून आणि कोण कोणाच्या किती जवळ उभे आहे यातून. ज्याला शब्द सापडत नव्हते त्याला ही लिपी पुरली, कारण तिच्यात एकटा माणूस फारसा नसतोच. शेतात आवण लावणारे, जाळे टाकणारे, लाकडे फोडणारे, मुंग्या, पक्षी, बैल सगळे एकमेकांत गुंतलेले आणि सगळे हलते. म्हसे यांच्या हातून उतरलेले मासेमारीचे जाळे अख्ख्या कागदभर पसरते आणि त्याच्या बारीक विणीत माणसे किती लहान दिसतात हे पाहताना डोळा खिळून राहतो.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर आले. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने देशभर हस्तकलांचे जे काम चालले होते, त्याचा ते भाग होते. बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती भिंतीऐवजी कागद देण्याचे काम त्यांनी आधी केले होते. तेच त्यांनी इथे केले, पण कागद वाटून निघून जाणारा हा माणूस नव्हता. ते पाड्यांवर राहिले, लोकांशी मैत्री केली, चित्रे निघताना जवळ बसले. म्हसे यांच्या चित्रांत काय आहे, हे त्यांच्या ध्यानात आले ते या बसण्यामुळे. 1976 मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये त्यांचे काम पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या जगभरातल्या कलावंतांच्या प्रदर्शनात गेले, 2011 मध्ये पद्मश्री आली. मे 2018 मध्ये डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा हा चित्रकार गेला.

कागदाने बरेच दिले आणि काही नेलेही. घरात पैसा आला, नाव झाले, गंजाड आणि आसपासच्या पाड्यांवरच्या अनेक तरुणांना शेतीच्या जोडीला उत्पन्न मिळाले. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण कागद मांडीवर मावतो, त्याला तिघी-चौघी लागत नाहीत. सही एकाची होते. ज्या कलेवर बायकांचा हक्क होता, तिच्यातून बाहेर प्रसिद्ध झालेली नावे बहुतेक पुरुषांची आहेत. ही खंत मनाला लावून घ्यावी अशीच आहे. गाणे आणि गप्पा कागदाबरोबर शहरात गेल्या नाहीत, त्या भिंतीपाशी राहिल्या.

तरीही कागदावरच्या चित्राने नवी मैत्री जुळवल्याची उदाहरणे आहेत आणि ती मोठी सुंदर आहेत. इंग्लंडचे रिचर्ड लाँग हे दगड, माती, पायवाटा यांतून काम करणारे कलावंत. त्यांचे आणि म्हसे यांचे काम 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात शेजारी-शेजारी मांडले गेले. एकाचे आयुष्य मैलोन्‌मैल चालण्यात गेलेले, दुसऱ्याचे गंजाडच्या पाड्यावर. बोलायला सामाईक भाषा नव्हती. पण लाँग यांच्या दगडांच्या वर्तुळाला आणि म्हसे यांच्या तारप्याच्या वेटोळ्याला एकमेकांचे कळत होते.

दुसरे उदाहरण गंजाडच्याच राजेश चैत्या वांगड यांचे. 2013 मध्ये दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या आणि वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना गावभर हिंडवत होते. हा डोंगर, हा ओढा, इथे हे घडले, तिथे ते. गिल यांनी त्या जागांची, वांगड उभे आहेत अशी, काळीपांढरी छायाचित्रे घेतली. नंतर ती पाहताना त्यांना जाणवले की डोंगर आला, झाडे आली, पण चालता-चालता वांगड यांनी जे सांगितले ते कुठेच आले नाही. मग त्यांनी छायाचित्रे वांगड यांच्यापुढे ठेवली. वांगड यांनी त्यांवर शाईने चित्रे काढली. मोकळ्या दिसणाऱ्या माळावर देव आले, पूर्वज आले, तोडलेले जंगल आले, टंचाईचे दिवस आले. पाहणाऱ्याला जी जागा ओसाड वाटली होती ती माणसांनी गच्च भरलेली निघाली. दोघांचे हे काम पुढे वर्षानुवर्षे चालले आणि 2017 मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनात पोहोचले. कॅमेऱ्याला जे दिसले नाही ते सांगायला वांगड लागले. आणि आपल्या रोजच्या डोंगराच्या पोटात एवढे काही आहे, हे मांडायला वांगड यांनाही विचारणारे कुणीतरी भेटावे लागले.

याच डहाणू तालुक्यात आणखी एका जोडीने असेच काम मुलांसाठी केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, हा अंगणवाडीचा विचार इथला. महागडी साधने नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांतून मुले मोजायला, रचायला शिकली. गुरे राखायला जाणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरली. मुलांची भाषा आणि गाणी समजून घेतल्याशिवाय त्यांच्याशी नाते जुळत नाही, हे या दोघींनी पुरते ओळखले होते. 1973 मध्ये ताराबाई गेल्या, त्यानंतर अनुताईंनी 1992 पर्यंत हे काम ओढून नेले.

बोईसर-तारापूरचे चित्र वरकरणी याच्या अगदी उलटे आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. कामगार निरनिराळ्या राज्यांतून आलेले. पाळी संपली की खोली, खोलीतून पाळी. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याचे गाव कोणते हेही कधी-कधी ठाऊक नसते. स्वतःशी बोलायला वेळ नाही आणि दुसऱ्याशी बोलायला निमित्त नाही, असा हा एकटेपणा.

पण निमित्त इथेही माणसे तयार करतात. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत टाळ-मृदंग घेऊन चढणारी भजनी मंडळे त्यातलीच. रोजचा एक तास, ठरलेला डबा, ठरलेली जागा. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाची बदली झाली, हे दोन अभंगांच्या मधल्या जागेत कळते. एखादा चार दिवस दिसला नाही तर घरी फोन जातो. गणपतीची आरास, सोसायटीच्या जिन्यातली रांगोळी, नाटकाची तालीम, हौशी वाद्यवृंद यांनाही हेच लागू पडते. कलेची उंची तिथे फार महत्त्वाची नसते, पण हात आणि तोंड दोन्ही एकाच वेळी कामाला लागावे लागते.

त्या दृष्टीने वारली चित्र शहरी माणसालाही सोयीचे आहे. गोल, त्रिकोण, रेघ एवढेच येत असले की सुरुवात होते, त्यामुळे ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणारा सहसा मागे सरत नाही. शाळेची, अंगणवाडीची, इमारतीच्या कुंपणाची भिंत मिळाली तर आणखी चांगले. एकाने माणूस काढला की दुसऱ्याला त्याच्या हाती काहीतरी द्यावेसे वाटते. पालघरचा माणूस भाताचे आवण काढतो, बिहारहून आलेला त्याच्या नदीकाठची होडी काढतो आणि ती कुठली नदी हे सांगू लागतो. मात्र पालघट देवीचा चौक शोभेसाठी काढू नये, तो लग्नघराचा आहे. शिकायचे असेल तर पाड्यावर जाऊन, ज्यांची कला आहे त्यांच्या शेजारी बसून, त्यांना त्यांचा मोबदला देऊन शिकावे.

पाड्यावरचा चौक कुणी जपून ठेवत नाही. धुराने तो काळवंडतो, पावसाळ्याच्या ओलीत पीठ सुटते, पुढच्या सारवणात उरलेसुरले झाकले जाते. घरात दुसरे लग्न निघाले की पुन्हा तांदूळ भिजतात, काडी चावली जाते आणि मागच्या वेळी पिठाची वाटी धरून बसलेली मुलगी या वेळी वरची कड धरते.