जहाजात आधी काय भरायचे?

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे ताब्यात घेतली आणि तीनच दिवसांनी ब्रिटनचा ताफा पोर्ट्समथहून निघाला. ताफ्याचे नेतृत्व करणारी विमानवाहू नौका होती ‘हर्मिस’, पुढे भारतीय नौदलात आलेली ‘विराट’. पल्ला सुमारे १३ हजार किलोमीटरचा. नौदलाची जहाजे अपुरी पडत होती, म्हणून ‘कॅनबेरा’सारखी प्रवासी जहाजेही सरकारने घेतली. घाईत सामान जसे धक्क्यावर आले, तसे भरले गेले.

एरवी व्यापारी जहाज भरताना जागा वाया जाऊ नये, हे पाहतात. युद्धाचा हिशेब वेगळा. किनाऱ्यावर उतरताच जे लागणार, ते सर्वांत शेवटी भरायचे, म्हणजे ते वर राहते. शिवाय एकाच प्रकारचे सगळे सामान एका जहाजात ठेवायचे नाही. यात जागा वाया जाते, पण जहाज बुडाले तरी मोहीम बुडत नाही. ही फेरमांडणी ताफ्याला वाटेतल्या असेन्शन बेटाजवळ करावी लागली. तिथे धावपट्टी होती, पण मोठ्या जहाजांसाठी बंदर नव्हते. जहाजे समुद्रातच नांगरून हेलिकॉप्टर आणि होड्यांनी सामान इकडून तिकडे हलवले गेले.

असेन्शनहून फॉकलंड आणखी ६ हजारांहून अधिक किलोमीटर दूर. १ मे रोजी तिथून एक व्हल्कन बॉम्बफेकी विमान फॉकलंडची राजधानी स्टॅन्ली इथल्या धावपट्टीवर पोहोचवण्यासाठी हवेतच इंधन पुरवणारी ११ व्हिक्टर टँकर विमाने उडाली. टँकरलाही उडायला इंधन लागते. म्हणून टँकर टँकरला इंधन देत, एकेक करून मागे फिरत होते. अंतर वाढते, त्याहून कितीतरी वेगाने इंधन वाढते. एवढे करून टाकलेल्या २१ बॉम्बपैकी धावपट्टीवर एकच पडला.

सामान विभागण्याचा नियम का असतो, ते २५ मे रोजी दिसले. ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर एक्झोसेट क्षेपणास्त्रे आदळली. बारा जण दगावले. तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे, शिवाय तंबूंचा साठाही गेला. हवेत असलेले एकमेव चिनूक वाचले. हेलिकॉप्टरने पुढे जाणार असलेल्या कित्येक सैनिकांना पाठीवर ओझे घेऊन दलदलीतून स्टॅन्लीच्या दिशेने पायी निघावे लागले.

१४ जूनला अर्जेंटिनाच्या फौजेने शरणागती पत्करली. ब्रिटन जिंकले, पण दूरच्या युद्धात तोफांइतकाच भरवसा माल भरणाऱ्याच्या यादीवर ठेवावा लागतो, हे या मोहिमेने सिद्ध केले.