एक फाइल, आठ तालुके: मल्टी-मेंबर फाइल म्हणजे काय?

मोबाइलमध्ये फोल्डर उघडलं की आत फाइल्स दिसतात. पण आयबीएमच्या काही कॉम्प्युटरवर फाइलच्या आतसुद्धा कप्पे असतात! या कप्प्यांना म्हणतात 'मेंबर'.

मेंबर म्हणजे नेमकं काय?

आयबीएमने १९८८ मध्ये एएस/४०० हा मिडरेंज कॉम्प्युटर आणला. त्याची आजची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे 'आयबीएम आय'. इथे डेटाबेस फाइल म्हणजे एक टेबल, आणि त्याचा डेटा मेंबरमध्ये राहतो. साधारणपणे एका फाइलला एकच मेंबर असतो, पण सेटिंग बदलून जास्त ठेवता येतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. तालुके ८: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. समजा, एका बँकेने 'पीककर्ज' नावाची फाइल केली आणि प्रत्येक तालुक्याला एक मेंबर दिला. खाते नंबर, नाव, रक्कम हे कॉलम सगळीकडे तेच, नोंदी मात्र वेगळ्या. फायदा काय? उमरग्याचं काम करताना बाकीच्या ७ तालुक्यांचा डेटा चाळावा लागत नाही.

घोळ कुठे होतो?

एसक्यूएलमध्ये नुसतं फाइलचं नाव दिलं, तर सिस्टिम फक्त पहिला मेंबर वाचते. म्हणजे जिल्ह्याची बेरीज मागितली, तर मिळते एकाच तालुक्याची. एररही येत नाही! आकडा दिसायला व्यवस्थित, पण ७ तालुक्यांचे शेतकरी त्यातून गायब. अशा रिपोर्टवर कोणी निर्णय घेतला तर?

उपाय काय?

- एकच मेंबर हवा असेल, तर 'ओव्हीआरडीबीएफ' कमांडने त्याचं नाव सांगा.
- एसक्यूएलमध्ये प्रत्येक मेंबरसाठी 'क्रिएट एलियस' करा.
- सगळ्यांची बेरीज हवी असेल, तर ते एलियस 'युनियन ऑल'ने जोडा.

आणि मेनफ्रेमवर?

तिथे 'पार्टिशन्ड डेटासेट' असतो. त्यातही मेंबर असतात, नाव जास्तीत जास्त ८ अक्षरांचं. पण त्यात बहुतेक वेळा प्रोग्रामचा कोड आणि जॉब चालवायच्या सूचना ठेवतात.

उद्या पुण्यात नोकरी लागली आणि समोर एएस/४०० आलं, तर घाबरू नका. आधी 'डीएसपीएफडी' कमांड देऊन फाइलमध्ये मेंबर किती आहेत ते बघा, मगच बेरजेवर विश्वास ठेवा.