चारांतून एक

१९८५-८६ साली हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. आज देशात अशी सहाशेहून अधिक विद्यालये आहेत. तेथे शिक्षण, राहणे व जेवणखाण विनामूल्य असल्यामुळे खेड्यापाड्यांतील असंख्य मुले सहावीच्या प्रवेशासाठी निवड-परीक्षेला बसतात. जागा मात्र प्रत्येक विद्यालयात फार तर ८०. परीक्षेत प्रश्नही ८० आणि वेळ दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे छापलेली असतात व त्यांतील एकच बरोबर असते.

उत्तर समोरच छापलेले आहे, तेव्हा ते ओळखणे सोपे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः अडचण तेथेच आहे. उरलेली तीन उत्तरे सहज सुचली म्हणून लिहिलेली नसतात. घाईत मुले कोठे चुकतात हे प्रश्न काढणारा पुरते जाणून असतो, आणि त्या चुकांतून येणारी उत्तरेच तो खऱ्या उत्तराच्या शेजारी मांडून ठेवतो.

एक प्रश्न घ्यावा. १०० मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या एका कडेला, दोन्ही टोकांसह, दर १० मीटरांवर एक झाड लावले. तर झाडे किती? उत्तरे : ९, १०, ११, १२. शंभराला दहाने भागले की दहा येतात, आणि १० हा आकडा समोर असतोच! तो दिसताच मुलाला हायसे वाटते व ते पुढच्या प्रश्नाकडे वळते. त्याचा भागाकार चुकलेला नाही. पण त्याने मोजली ती दोन झाडांमधील अंतरे, झाडे नव्हेत. अशा वेळी रस्ता लहान करून पाहावा. कच्च्या कागदावर २० मीटरांच्या रस्त्याची रेघ ओढली, की आरंभी एक, मध्ये एक व शेवटी एक अशी तीन झाडे दिसतात. अंतरे मात्र दोनच. ३० मीटरांत झाडे चार. अंतरांहून झाड एकाने अधिक, म्हणून १०० मीटरांत ११. हाच रस्ता गोल तळ्याभोवतीचा असता तर १० हेच उत्तर बरोबर ठरले असते, कारण तेथे शेवटचे टोक पहिल्याला येऊन मिळते. ‘सरळ’ आणि ‘दोन्ही टोकांसह’ या शब्दांत सारा प्रश्न आहे.

सगळेच प्रश्न इतका वेळ मागत नाहीत. ४७ × ६८ किती? उत्तरे : ३१९४, २१९६, ३१९६, ३१९६०. साती आठे छप्पन्न, म्हणून शेवटी ६ हवा; ३१९४ गळले. चाळीस गुणिले साठ केले तरी २४०० होतात, मग २१९६ कसे होईल? पन्नास गुणिले सत्तर म्हणजे ३५००. त्यापुढे उत्तर जाणार नाही. उरले ३१९६. पूर्ण गुणाकार करावाच लागला नाही! झाडांच्या प्रश्नात मात्र ही युक्ती चालली नसती. तेथे चारही आकडे खरे वाटण्याजोगे आहेत.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापत नाहीत. तेव्हा कोणताही प्रश्न कोरा ठेवू नये. परंतु घरी सराव करताना नुसते बरोबर उत्तर उतरवून घेणे व्यर्थ होय. आपले उत्तर कोणत्या चुकीतून आले, तेही वहीत लिहावे. ९ म्हणणाऱ्याने दोन्ही टोके सोडली, १० म्हणणाऱ्याने अंतरे मोजली. १२ म्हणणाऱ्याने काय केले असेल?